शंकर लिंबाजीचा अर्ज

मार्च लागला की आमच्या गल्लीतल्या मेसची भाजी पातळ होते, आणि पोरं ती न बघताच खातात. ताटाशेजारी वही उघडी असते, नजर वहीत. लातूरच्या ट्यूशनच्या भागात राहणाऱ्याला ऋतू कॅलेंडरात बघावा लागत नाही. झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग रस्त्यावर आली, गेल्या साली पहिले आलेल्यांचे चेहरे फलकांवर उन्हानं पिवळे पडले, गच्च्यांवर पोरी पाठांतर करत फेऱ्या मारू लागल्या की समजायचं, परीक्षा आली. मी या भागात कितीतरी वर्षं जीवशास्त्र शिकवते. माणसाच्या हातात सत्तावीस हाडं असतात, हे दर साली याच दिवसांत उजळणीला येतं. मी हात फळ्यावर काढते. तो सफाईनं काढता येतो मला. पोरं म्हणतात, मॅडमचा हात पुस्तकातल्यापेक्षा बरा.

या दिवसांत लोकांना आपापली परीक्षा आठवते. मला एक अर्ज आठवतो, जो मी एका उन्हाळ्यात माझ्या पिशवीत ठेवून हिंडत होते.

तिशी ओलांडल्यावर मी परत विद्यार्थिनी झाले होते. नांदेडच्या रस्त्याला एक लहानसं खाजगी विद्यापीठ निघालं होतं. तीन मजली इमारत, पुढं नुकती लावलेली अशोकाची झाडं, मागं कुणाचा तरी हरभरा. तास चालू असताना शेतातल्या माणसानं बैलाला हाक मारली की आम्हाला ऐकू यायची. तिथं एक अभ्यासक्रम होता, गुन्हेगारी न्याय आणि सुधार प्रशासन. आम्ही अकरा जण होतो. बाकीच्यांना पोलिसात, तुरुंगखात्यात नोकरी पाहिजे होती. प्रवेशाच्या वेळी मला विचारलं, तुम्ही का येताय? मी म्हणाले, समाजासाठी काहीतरी करावं वाटतं. बाबांनीही विचारलं, "आता या वयात जेलचं शिक्षण कशाला घ्यायलीस?" त्यांनाही मी तेच सांगितलं. ते खोटं होतं. मला एक माणूस गजांआड बघायचा होता, आणि त्याला तिथं कसं पोचवतात हे शिकायचं होतं.

भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. औसा तालुक्यात आमचं गाव. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. बाबा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, झोपायला निघाले आणि मी हट्टानं त्यांच्यामागं गेले. आई म्हणाली, "जा, पण शाळेच्या टायमाला ये." उजाडल्यावर आम्ही पळत आलो तर गाव जागेवर नव्हतं. दगडमातीच्या रुंद भिंतींचं गाव होतं ते. भिंती जितक्या रुंद तितकं घर मोठ्या माणसाचं, असं समजायचे. त्याच भिंती माणसांवर पडल्या होत्या.

आमचं घर मी शेजारच्या कडुलिंबावरून ओळखलं. ढिगाऱ्यातून आईचा एक हात बाहेर आलेला, कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या, त्यांच्यापुढं सोन्याच्या पाटल्या. बाबांनी नखांनी माती उकरली. एक दगड काही केल्या हलेना. मग मला म्हणाले, "इथंच बस. आईचा हात सोडू नको. मी पहार आणतो, माणसं आणतो." आणि पळाले. पहारी सगळ्या ढिगाऱ्याखालीच होत्या, पण ते तेव्हा कुणाला सुचणार.

मी हात धरून बसले. तेवढ्यात शंकर लिंबाजी आला. शेजारच्या गावचा. सुगीत मळणीयंत्र घेऊन आमच्या खळ्यावर यायचा, मला खिशातले शेंगदाणे द्यायचा. मी त्याला काका म्हणायचे.

"काका, आईला काढा."

"काढतो बाळ. सरक."

फुटक्या रांजणाच्या बुडात थोडं पाणी राहिलं होतं. ते त्यानं आईच्या हातावर ओतलं. मला फार बरं वाटलं. मला वाटलं, आईला पाणी द्यायलाय. मग ओल्या हातावरून त्यानं पाटल्या ओढल्या. एक निघाली, दुसरी अडकली. त्यानं आईचा अंगठा तळहातात मोडून दाबला. तेव्हा आईची बोटं आवळली गेली.

"काका, आई बोटं हलवायलीय."

"न्हाई बाळ. तू घरी जा."

घरी जा म्हणाला. घर आमच्या पायाखाली होतं.

बाबा तीन माणसं घेऊन आले तेव्हा ऊन वर आलं होतं. आईला काढलं ते दुपारी. मी सगळं सांगितलं. बाबांनी तो रिकामा हात बघितला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती आधीच गेलती. मेलेल्याची बी बोटं हालतात." पुढं गावातल्या बायांनीही तेच सांगितलं. जिथं घरटी माणसं गेली होती, तिथं पाटल्यांचं कोण विचारणार? शंकर लिंबाजी परत दिसला नाही. कुणी म्हणालं उदगीरकडं गेला, कुणी म्हणालं निजामाबादला. शाळेत बाकीच्या पोरी प्रार्थना म्हणायच्या तेव्हा मी त्याचं नाव घ्यायचे. ओठ हलत राहायचे, त्यामुळं कुणाला कळायचं नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं काढल्यावर मामांनी मला लातूरला आणलं. पुढं ट्यूशन लागली. दोन-दोनशे पोरं एका हॉलमध्ये, पंखा डोक्यावर पण वारा दुसऱ्याच्या. डॉक्टर व्हायचं होतं, थोडक्यात हुकलं. पण त्या हॉलनं मला एक शिकवलं. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची आणि कंटाळायचं नाही. लोक याला चिकाटी म्हणतात. माझ्यात ती कशानं आली होती, ते मला माहीत होतं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन कपाटं होती. कायद्याची पुस्तकं मी तिथं बसून वाचली. प्रेताच्या अंगावरची वस्तू लाटणं हा एक वेगळा गुन्हा आहे. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि तक्रारीची मुदतही तीन वर्षं. ती मुदत मी पाचवीत असतानाच संपली होती. पण जिवंत माणसाला इजा करून अंगावरचं ओरबाडलं तर ती जबरी चोरी, आणि तिला मुदतीची आडकाठी नाही. मी ते पान तीन वेळा वाचलं. सगळा कायदा येऊन आईच्या बोटांवर थांबला होता. ती हलली असतील तर शंकर लिंबाजी अजून माझ्या हातात होता.

आम्हाला शिकवायला हमीद सर होते, निवृत्त तुरुंगाधिकारी. नांदेडचेच. त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळं की काय, सर बोलायचेही एकेक काटा बसवल्यासारखे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी नांदेडच्या बाजूच्या एका कारागृहात नेलं. काम साधं होतं. ज्यांचा खटला सुरू आहे पण जामीन राहायला कुणीच येत नाही, अशा कैद्यांशी बोलायचं, त्यांचा अर्ज भरायचा. तो अर्ज फुकट मिळणाऱ्या वकिलाकडं जाई, आणि वकील कोर्टाला विनंती करी की याला जातमुचलक्यावर सोडा. आम्हाला नावं वाटून दिली. माझ्याकडं सोळा आली. अकराव्या ओळीवर शंकर लिंबाजी होता. पुढचं आडनाव मी इथं लिहीत नाही.

तो आला. पाठीत वाकलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी खाली बघून विचारत गेले. गुन्हा? गोदामातून सोयाबीनची पोती चोरल्याचा. आत किती दिवस? आठ महिने. जामीन? "पोरगा येत न्हाई, मॅडम. म्हणतो, राहा तिथंच."

"गाव?"

"आता जळकोट. मूळचं औशाकडलं. भूकंपात गेलं."

"घरातलं कुणी गेलं का भूकंपात?"

"भाऊ गेला, भावजय गेली. त्यांची पोरगी गेली."

हे मला आवडलं नाही. इतकी वर्षं मी ज्याचं नाव घेत आले त्या शंकर लिंबाजीचं काहीच गेलेलं नव्हतं. मी अर्ज पूर्ण भरला, त्याची सही घेतली. त्यानं हात जोडले. पंधरा अर्ज मी फाइलला लावले आणि त्याचा घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला.

त्या उन्हाळ्याइतकी सुखाची झोप मला आयुष्यात लागलेली नाही. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. दर आठवड्याला मी कारागृहात जायचे, तो भिंतीच्या सावलीत उभा असायचा.

"मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"वर गेलाय."

"बाकीच्यांचे झाले म्हणं."

"कोर्टाला वेळ लागतो, काका."

काका मी मुद्दाम म्हणायचे. त्याला काही वाटायचं नाही. आत सगळेच त्याला काका म्हणायचे. माझ्यासोबतची पोरं परीक्षेची तयारी करत होती, सुधारात्मक न्यायाच्या व्याख्या घोकत होती. मीही घोकत होते. गुन्हेगाराला माणूस म्हणून बघावं, असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळवले.

एप्रिलच्या शेवटी मी गेले तर तो सावलीत नव्हता. बराकीच्या पायरीवर बसला होता. दुसऱ्या एका कैद्यानं सांगितलं, काकाची बायको वारली. निरोप यायला उशीर झाला, माती देऊन झाली होती. शंकर लिंबाजीनं मान वर केली.

"दोन महिन्यापासून अंथरुणाला होती," तो म्हणाला. "मला वाटलं, अर्ज व्हईल, जाऊन बघीन."

त्याची बायको मी कधी बघितली नव्हती. तिनं माझं काही केलं नव्हतं, हे मला तिथं उभं असताना कळत होतं. तरी त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले.

पण बायको मेलेल्या कैद्याचा अर्ज कुठं अडकला, हे हमीद सरांनी विचारायला घेतलं. वकिलाकडं नाव नाही. कोर्टात नाव नाही. नोंदवहीत माझ्या मुलाखती सोळा आणि अर्ज पंधरा. त्यांनी मला खोलीत बोलावलं. मी पिशवीतून अर्ज काढून टेबलावर ठेवला. घड्यांच्या जागी कागद मऊ पडला होता.

"हा मानूस कोन लागतो तुमचा?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं. रांजणातल्या पाण्यापासून सगळं सांगितलं. एवढं सलग मी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांनी चहा मागवला, माझ्यापुढं सरकवला. बराच वेळ ते अर्जावरच्या घड्या हातानं सपाट करत राहिले.

"मला पयल्या दिवशी सांगितलं असतं बेटा, तर मी हा कागद दुसऱ्याला दिला असता. तुमच्यावर बिल्कुल नाराज झालो नसतो," ते म्हणाले. "नोकरीत मलाबी काही काही लोकांना आतच ठेवावं वाटायचं. लई वाटायचं. पन सुटकेचा कागद आला की मी स्वतः चावी घेऊन जायचो."

"तुमच्या आईच्या हातातून कुणी काही काढलं नव्हतं, सर."

"न्हाई," ते म्हणाले. "बराबर हाय."

त्यांनी माझ्यासमोर अर्ज पाकिटात घातला आणि मला प्रत्यक्ष कामात नापास केलं. पुढच्या साली ते काम मला नव्यानं करावं लागलं. मी केलं, एकही अर्ज मागं ठेवला नाही. पदवी मिळाली. सरांवरचा राग मात्र मनातून गेलेला नाही, जरी त्यांचं बरोबर होतं.

अर्ज गेल्यावर आठवड्यात सुटका होणार होती. त्याआधी मी त्याला एकदा भेटले. परवानगी सरांनीच काढून दिली. स्वतः दाराशी बसून राहिले.

मी गावाचं नाव घेतलं. "कडुलिंबाशेजारचं घर. तुम्ही आमच्या खळ्यावर यायचात. मला शेंगदाणे द्यायचात."

तो एका चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिला.

"पाटल्या," मी म्हणाले.

त्यानं नाकारलं नाही. मी आयुष्यभर त्याच्या नाकारण्याची तयारी केली होती. त्यावर काय बोलायचं ते पाठ होतं. त्यानं मान खाली घातली आणि विचारलं, "कोनत्या?"

मला कळलंच नाही.

"कोनत्या घरच्या, म्हणतो. लई हात होते, बाई. दोन दिवस मी तेच केलं. भावाचं घर उकरलं, तिथं कुनीच जित्तं न्हवतं. मग मी हिंडत गेलो."

"माझ्या आईची बोटं हालली होती. मी तुम्हाला सांगितलं होतं. एक लहान पोरगी होती तिथं."

"पोरी बी लई होत्या."

बाहेर कुणीतरी पाण्याच्या टाकीचं झाकण आपटलं.

"एक हात हालला होता," तो म्हणाला. "ते मला ठावं हाय. झोपंत बी येतं. पन कुनाचा, ते आता सांगता येत न्हाई."

मी वकिलाला भेटले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, कोणता हात हे ठरल्याशिवाय काही होणार नाही. बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी पहार आणायला जाताना आईला जिवंत सोडलं होतं, असं कळून त्यांनी उरलेले दिवस कसे काढले असते? ती आधीच गेलती, यावर ते जगले आणि त्यावरच गेले. मला तेवढी माया होती. पण ती त्यांच्यापुरतीच होती.

राग याचा नव्हता की त्यानं पाटल्या नेल्या. तो जुना होता, अंगवळणी पडला होता. नवा राग हा होता की माझ्या आईला त्याच्या आठवणीत जागाच नव्हती. मी इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं आणि त्याच्यालेखी ती पुष्कळ हातांपैकी एक होती. ती जागा आपण करायची, असं मी ठरवलं.

तेव्हापासून शेवटचा पेपर झाला, पोरं गाद्या गुंडाळून आपापल्या गावांना निघाली, की त्यानंतरच्या रविवारी मी जळकोटची एसटी पकडते. पहिल्या साली त्याच्या अंगणात बसून मी त्याच्या मुलासमोर, सुनेसमोर सगळं सांगितलं. मुलगा मध्येच उठून गेला. सून पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी राहिली. मग मी शंकर लिंबाजीला विचारलं, "आठवलं का?" तो म्हणाला, न्हाई. मी परतले. दुसऱ्या साली गेले तर त्याची बाज घरातून निघून म्हशीच्या गोठ्यात गेली होती. मुलानं त्याच्या पंगतीला बसणं सोडलं होतं. हे माझ्यामुळं झालं. मी गोठ्यात जाऊन विचारलं, आठवलं का. न्हाई. तिसऱ्या साली त्याचा दुसरा डोळाही गेला होता. त्यानं चपलांच्या आवाजावरून मला ओळखलं.

मला पदवी देणाऱ्या शास्त्रात याला नाव आहे, आणि ते चांगलं नाही. मला ते माहीत आहे. एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला ते दर साली सांगते, आणि जळकोट आलं की उतरते.

यंदाही गेले. परवाच्या रविवारी. ऊन असं होतं की गोठ्याच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. त्याला सुनेनं आधार देऊन बसवलं. अंगात काही उरलं नव्हतं. मी विचारायच्या आधीच तो बोलला.

"आठवलं, बाई."

सून थांबली. मीही थांबले.

"तुमच्याच आईचा होता तो. जो हालला तो. कडुलिंबाशेजारी. तुमी म्हनला, आई बोटं हलवायलीय. मी ऐकलं होतं." तो श्वास घ्यायला थांबला. "आता येऊ नका. झालं आता."

इतक्या वर्षांत मला एवढंच पाहिजे होतं. एका माणसाच्या तोंडून हे एक वाक्य. ते आलं आणि मी गोठ्यात उभी राहून बघत होते की आता छातीतलं काय हलतं. काहीच हललं नाही. म्हणून मी त्याच्याजवळ उकिडवी बसले.

"कोणता हात होता? डावा का उजवा?"

त्याच्या बुबुळांवर पांढरं साचलं होतं. ते डोळे इकडून तिकडं फिरले.

"उजवा," तो म्हणाला.

आईचा डावा हात बाहेर होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सरांनाही नाही. बाकीचं सगळं, कडुलिंब, आवळलेली बोटं, मी काय बोलले ते, त्यानं माझ्याच तोंडून दर साली ऐकलेलं होतं.

मी उठले. सून अंगणाच्या टोकापर्यंत माझ्यामागं आली. चांगली बाई आहे, सासऱ्याला तीच जेवू घालते.

"सांगितलं ना त्यायनी," ती म्हणाली. "आता तरी झालं न्हवं, ताई?"

"चुकीचा हात सांगितला," मी म्हणाले. "पुढच्या साली येते."